पन्नास हजारांत रॉकेट होत नाही, भाऊ

गेल्या महिन्यात आमच्या भावकीच्या ग्रुपवर एक मेसेज आला. मग तोच मित्रांच्या ग्रुपवर, मग गॅरेजवाल्याच्या स्टेटसला. सार असं: नवी गाडी घेणारे येडे, शोरूमबाहेर काढली की भाव पडतो. आहे त्याच गाडीला पन्नास हजार लावा, रिमॅप मारा (म्हणजे इंजिनाच्या संगणकातली सेटिंग बदला), कोन फिल्टर (डब्याऐवजी उघडा एअर फिल्टर) आणि फ्री-फ्लो सायलेन्सर (धूर मोकळा सोडणारा) बसवा. चाळीस टक्के ताकद वाढते, इंजिनाला काही होत नाही, आरटीओला कळत नाही आणि विकताना पैसेही जास्त येतात. पारोळ्याच्या भाच्याने मला तो पाठवला आणि खाली दोनच शब्द: "मामा, करू का?" त्याच्याकडे पेट्रोल स्विफ्ट आहे, माझ्याकडे तीच डिझेलमध्ये. यातलं निम्मं मी स्वतःच्या खिशातून करून बसलोय, म्हणून उत्तर जरा लांबलं.

"चाळीस टक्के ताकद." कोणत्या इंजिनाची, ते मेसेज सांगत नाही. तिथेच मेख आहे. टर्बो, म्हणजे इंजिनात हवा कोंबणारा पंखा, असेल तर ईसीयूमधून (इंजिनाच्या संगणकातून) टर्बोचा दाब आणि इंधन वाढवता येतं, आणि वीस-तीस टक्के खरंच मिळतात. माझ्या १.३ डिझेलचे कंपनीचे आकडे ७४ बीएचपी (ताकद) आणि १९० न्यूटन-मीटर (टॉर्क, म्हणजे ओढ). रिमॅपनंतर एरंडोलच्या पुढे ट्रक ओलांडताना फरक बसल्या जागी कळायचा. मजा आली, खोटं कशाला बोलू? पण भाच्याचं १.२ पेट्रोल बिनटर्बोचं. पिस्टन ओढेल तेवढीच हवा आत जाणार. तिथे रिमॅपवाला टायमिंग (ठिणगी कधी पडायची ते) आणि हवा-पेट्रोलचं मिश्रण थोडं इकडेतिकडे करू शकतो, बस. ८२ बीएचपीचे ८७ झाले तरी पेढे वाटावेत.

त्यात आपला उन्हाळा. हवा २५ अंशांवरून ४५ वर गेली की सुमारे सहा टक्के विरळ होते, म्हणजे इंजिनाला तेवढा प्राणवायू कमी. भुसावळच्या मे महिन्यातल्या दुपारी ते पाच बीएचपी ऊनच खाऊन टाकतं. वर तापलेल्या हवेत पेट्रोल इंजिन ठोकायला लागतं (पेट्रोल अवेळी पेटून खटखट होते), मग ईसीयू इंजिन वाचवायला टायमिंग आपणहून मागे घेतो. पुण्यात डिसेंबरच्या गारव्यात डायनोवर (ताकद मोजायच्या यंत्रावर) काढलेला कागद जळगावात फ्रेम करून लावायच्या कामाचा.

कोन फिल्टरचं तर मला हसूच येतं. कंपनीचा फिल्टरचा डबा पुढून, बाहेरची हवा ओढतो. उघडा कोन बॉनेटखाली इंजिनाचीच गरम वाफ पितो. फक्त आवाज वाढतो, आणि कानाला वाटतं गाडी पळतेय. आपल्याकडे रस्त्यावर काळ्या मातीची धूळ, कापसाच्या हंगामात जिनिंगच्या आसपास उडणारी रुई वेगळीच. तेल लावलेल्या कोनाचं तेल जास्त झालं तर ते हवा मोजणाऱ्या सेन्सरवर बसतं आणि गाडी उलट धक्के मारते.

"इंजिनाला काही होत नाही." माझ्या इंजिनाला खरंच नाही झालं. क्लचला झालं. चाळीसगावकडून कन्नड घाट चढत होतो, गाडीत चार माणसं, डिकीत पाहुण्यांसाठी भरताची वांगी. तिसऱ्या गिअरला इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा वर गेला, गाडी मात्र जागची हलेना. मग जळका वास. सौ. म्हणाल्या, "वांगी भाजली का काय?" १९० न्यूटन-मीटरसाठी बनवलेल्या क्लचवर रिमॅपवाल्याने २४० टाकले होते आणि क्लचबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग, मजुरी, टोइंग... रिमॅपला गेले त्याहून जास्त त्यात गेले. त्या घाटात चढताना फसलो हे बरंच म्हणायचं. उतरताना वाढलेला वेग त्याच जुन्या ब्रेकने अडवायचा असतो, आणि ब्रेकचं नाव त्या मेसेजमध्ये कुठेच नाही.

"आरटीओला कळत नाही." कळलं तर? मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठामपणे म्हटलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या १८२अ कलमात नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. मला पोलिसापेक्षा विम्याच्या सर्व्हेअरची धास्ती जास्त. न कळवलेला बदल सापडला की क्लेमवर बोट ठेवायला त्याला कारण मिळतं.

"विकताना पैसे जास्त." आपल्याकडे गिऱ्हाईक बॉनेट उघडायच्या आधी विचारतं, "ओरिजिनल शे ना?" एवढंच पुरे.

आता वेगाचा हिशेब. हवेचा विरोध मोडायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. म्हणून ताकद तीस टक्के वाढली तरी कमाल वेग जेमतेम नऊ टक्के वाढतो. दुभाजकाच्या चौपदरी रस्त्यावर कारला मर्यादा १०० ची. जळगाव-धुळे नव्वदेक किलोमीटर धरा. मर्यादा मोडून सगळा रस्ता १२० ने हाकलात तर नऊ मिनिटं वाचतात. ती फागण्याच्या चहावर जातात.

मेसेजचं एक खरं आहे: नवी गाडी शोरूमबाहेर पडली की भाव पडतो. पण म्हणून नवी आणि मॉडिफाय या दोनच वाटा आहेत असं कोण म्हणालं? चार-पाच वर्षांची, कंपनीनेच टर्बो बसवलेली पेट्रोल गाडी घ्या. आय-ट्वेंटीचं १ लिटर टर्बो ११८ बीएचपी देतं, आणि क्लच, ब्रेक, गिअरबॉक्स त्या ताकदीचा हिशेब धरूनच आलेले असतात. जुनी गाडी ओरिजिनल राहिली तर ती विकून आलेले पैसे, त्यात हे पन्नास हजार, उरलेल्याचा हप्ता. ताकद हवीच असेल तर माझं मत इकडे. टर्बो डिझेल असेल, क्लचचे पैसे बाजूला काढलेले असतील आणि कायद्याची जोखीम डोळे उघडे ठेवून घ्यायची असेल, तर ज्याचा तो मुखत्यार.

भाच्याला मात्र मी आधी टायरवरची तारीख वाचायला लावली. आठ वर्षांपूर्वीची निघाली, रबर नखाने दबेना. ब्रेक ऑइल कधी बदललं हे कुणालाच आठवेना, एअर फिल्टर झटकला तर अर्धं शेत खाली पडलं. गाडी "मरतेय" असं त्याला वाटतं, ते त्यामुळे. पन्नासातले निम्मे इथे लाव म्हटलं, दोन महिने चालव, मग बोलू. काल पुन्हा मेसेज: "मामा, टायर रुंद टाकू का? १९५ चे?" त्याच्याच गाडीच्या वरच्या मॉडेलला कंपनी जे देते तेच लिहून पाठवलं: १८५/६५ आर १५ (१८५ मिलिमीटर रुंद, १५ इंची चाकाचा), आणि चाकंही त्याच मापाची.