व्हिसा कंपनीचा, मग पैसे आपले कसे?

कापूस विकला गेला, केळीचा हिशेब हातात आला की गावोगाव एक माणूस फिरायला लागतो. कधी आयटीआयच्या गेटवर, कधी लग्नाच्या पंगतीत. सौदीला वेल्डर पाहिजेत, दुबईला हेल्पर, लंडनला म्हाताऱ्यांची सेवा करायला मुली. पासपोर्ट द्या, दीड लाख द्या, बाकी व्हई जाई भाऊ! आणि घरातले लोक सोनं गहाण टाकून, पतपेढीतून उचल करून ते पैसे उभे करतात.

त्यांच्यासाठी हे लिहितोय. थोडं लांब आहे, पण पैसे द्यायच्या आधी वाचा.

नोकरीच्या व्हिसाची सुरुवात उमेदवार करत नाही. परदेशातली कंपनी तिच्या सरकारकडे माणूस आणायची परवानगी मागते, त्याची फी भरते आणि त्या परवानगीवर आपल्याला व्हिसा मिळतो. म्हणून कागद खरा की खोटा हे बघायच्या आधी पैसा कोणाच्या खिशातून कोणाच्या खिशात चाललाय ते बघा. सौदीच्या कामगार कायद्यात कलम ४० आहे. माणूस आणण्याचा खर्च, इकामा (तिथे राहायचा परवाना), वर्क परमिट, त्यांचं नूतनीकरण आणि काम संपल्यावर घरी परतीचं तिकीट, हे सगळं मालकाच्या अंगावर आहे. यूएईच्या (दुबई ज्यात येते तो देश) २०२१ च्या कामगार कायद्यातही भरतीचा खर्च कामगाराकडून घ्यायला बंदी आहे. कॅनडात एलएमआयएची, म्हणजे बाहेरचा माणूस घ्यायच्या परवानगीची, हजार डॉलर फी कंपनीची. ब्रिटनमध्ये सीओएस नावाच्या नंबरची (कंपनी देते त्या स्पॉन्सरशिपच्या दाखल्याची) फी आणि स्किल्स चार्ज कंपनीचे, तिथे उमेदवाराने भरायची ती स्वतःच्या व्हिसाची फी आणि आरोग्य सरचार्ज, आणि तीही थेट सरकारी वेबसाइटवर. म्हणजे एजंटच्या हातात द्यायचे 'व्हिसाचे दोन लाख' ही रक्कम यातल्या कुठल्याच कायद्यात बसत नाही.

आपल्याकडच्या एजंटलाही मर्यादा आहे. १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याप्रमाणे परदेशी नोकरीसाठी माणसं भरायला परराष्ट्र मंत्रालयाचं लायसन्स लागतं. लायसन्स असलेला एजंट उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५,४०० रुपये घेऊ शकतो. बँकेतून द्या आणि पावती घ्या. लायसन्सचा नंबर याच मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर टाकला की चालू आहे, संपलंय की निलंबित आहे ते दिसतं. गावातला माणूस म्हणतो, "मी मुंबईच्या ऑफिसचा सब-एजंट आहे." असं सांगून पैसे घ्यायचा त्याला काहीही अधिकार नाही. त्या मुंबईच्या ऑफिसला स्वतः फोन लावा, आणि फोन नंबर पोर्टलवरून घ्या, त्याच्या व्हिजिटिंग कार्डावरून नाही.

आता आखाताबद्दल नीट बोलू, कारण वेल्डर, फिटर, रिगर ही आपली पोरं तिकडेच जास्त जातात. दीपनगरच्या वीज केंद्रात शटडाऊनवर काम केलेल्या चांगल्या वेल्डरला तिथल्या रिफायनरीत खरंच मागणी असते. ट्रेड टेस्टला सिक्स-जी पोझिशनचा, म्हणजे तिरका पक्का बसवलेला, पाइप जोडता आला तर पगार वाढवून मागता येतो. कौशल्य खरं असताना फसायचं काहीच कारण नाही.

आधी स्वतःचा पासपोर्ट उघडून बघा. त्यावर ईसीआर (एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड, म्हणजे जायच्या आधी सरकारी तपासणी लागते) लिहिलेलं असेल तर सौदी, यूएई, कतार, कुवेत, ओमान, बहारीन धरून एकूण १८ देशांत कामाला जायच्या आधी ई-मायग्रेटवरून सरकारी मंजुरी लागते. फी २०० रुपये. सोबत प्रवासी भारतीय विमा योजना, दोन वर्षांना २७५ आणि तीन वर्षांना ३७५ रुपये, लागू असेल तर वर कर. संरक्षण दहा लाखांचं. दहावी पास असूनही अनेकांच्या पासपोर्टवर ईसीआर असतं, कारण अर्ज करताना दहावीचं सर्टिफिकेट जोडलेलंच नसतं. ते जोडून पासपोर्ट बदलून घेता येतो. पण ईसीआर निघालं म्हणजे धोका निघाला असं नाही, फक्त सरकारची एक चाळणी कमी झाली. मग तपासायची जबाबदारी पूर्ण आपली.

टुरिस्ट व्हिसावर 'आत्ता जा, तिथे कंपनी व्हिसा करून देईल' हे वाक्य कानावर पडलं की तिथेच थांबा. तिकडे काम मिळालं नाही, पगार अडकला, अपघात झाला, तर तुमच्या नावावर करारच नसतो, मग भांडणार कशाच्या जोरावर? थायलंड, कंबोडियाकडे 'डेटा एन्ट्री'च्या नावाखाली नेऊन ऑनलाइन फसवणुकीच्या अड्ड्यांवर डांबलेली भारतीय पोरं सरकारला सोडवून आणावी लागली, त्यातले बरेच असेच गेले होते.

'आझाद व्हिसा'चंही तेच. कायद्यात असा व्हिसाच नाही. कफील, म्हणजे ज्याच्या नावावर व्हिसा निघतो तो तिकडचा मालक, स्वतःच्या नावावरचा व्हिसा विकतो आणि 'बाहेर कुठेही काम कर, मला महिन्याला इतके दे' म्हणतो. दुसऱ्याकडे काम करताना पकडले गेलात तर गुन्हा तुमच्यावर. कफीलशी बिनसलं तर तो 'हुरूब' लावतो, म्हणजे कामावरून पळून गेल्याची नोंद. ती लागली की इकामा अडकतो आणि घरी यायचीही पंचाईत होते.

मेडिकलबद्दल कोणी आधी सांगत नाही, म्हणून ठासून सांगतो. आखाताची तपासणी वाफिदच्या (आखाती देशांची मेडिकलची व्यवस्था) यादीतल्या सेंटरवरच होते, जुने लोक तिला अजून गामका म्हणतात. छातीच्या एक्स-रेत जुन्या, बऱ्या झालेल्या टीबीचा डाग दिसला तरी 'अनफिट' येऊ शकतं. हिपॅटायटिस बी, सी निघाला तरी तेच. म्हणून हातातली नोकरी सोडायच्या आधी, एक रुपया उसना घ्यायच्या आधी, आपल्या डॉक्टरकडून एक्स-रे आणि रक्ताची ही तपासणी करून घ्या. थोड्या पैशात भागतं आणि पुढचा मोठा फटका वाचतो.

यानंतर सगळ्यात जास्त फाइली अडकतात त्या नावावरून. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी असतं, 'पाटील राहुल अशोक'. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा आणि 'राहुल अशोक' वेगळं. एजंटचा पोरगा मार्कशीट बघून फॉर्म भरतो आणि 'पाटील राहुल' हे नाव होऊन 'अशोक' आडनाव होतं. फॉर्म भरताना शेजारी बसा आणि पासपोर्टच्या फोटोच्या पानावर जसं छापलंय तसं अक्षर न् अक्षर जुळवा. चौधरीच्या शेवटी आय की वाय, देवरेत डब्ल्यू की व्ही की ओ, एवढ्यावरून अर्ज परत येतो. दहावीचं सर्टिफिकेट, आधार, पॅन आणि पासपोर्ट यांत एकच स्पेलिंग करून ठेवा. दहावीचं बदलणं सगळ्यात अवघड, म्हणून बाकीचे त्याच्याप्रमाणे करा. जन्मतारखेचंही बघा. शाळेच्या दाखल्यावर १ जून आणि ग्रामपंचायतीच्या नोंदीत दुसरीच तारीख, हे आपल्याकडे घरोघरी आहे. एकच तारीख धरा आणि सगळीकडे तीच ठेवा.

पदवीधरांनी विद्यापीठाची सनद आत्ताच काढून ठेवावी, प्रोव्हिजनल सर्टिफिकेटवर साक्षांकन अडतं. राज्य सरकार, मग परराष्ट्र मंत्रालय आणि यूएईसाठी त्यांचा दूतावास, असा तो कागद फिरतो. यात वेळ जातो, ऑफर हातात आल्यावर सुरुवात करू नका.

एमआयडीसीत ठेकेदाराकडे पाच-पाच वर्षं काम केलेल्यांकडे अनुभवाचा कागदच नसतो. पीएफ कापला जात असेल तर यूएएनच्या पासबुकात महिने दिसतात, तो भक्कम पुरावा. खोटं अनुभवपत्र विकत घेऊ नका. व्हिसावर जो हुद्दा येतो तेच काम तिथे करायचं असतं, आणि पहिल्या आठवड्यात फोरमनला सगळं कळतं.

करारात एकूण पगार बघून खूश होऊ नका, बेसिक किती ते वाचा. यूएईत पहिली पाच वर्षं दर वर्षामागे २१ दिवसांच्या बेसिकइतकी ग्रॅच्युइटी मिळते. पगार १,५०० दिऱ्हॅम, पण बेसिक ८०० आणि बाकी भत्ते, तर वर्षाचे ५६० दिऱ्हॅम. सगळं बेसिक असतं तर १,०५० झाले असते. ओव्हरटाइमही बेसिकवरच मोजतात. यूएईचा ऑफर लेटर तिथल्या कामगार मंत्रालयाच्या नमुन्यात येतो, हिंदीतही मिळतो, तो मागा. इथे सही केलेली प्रत घरी ठेवा, एक फोटो भावाच्या फोनवर ठेवा. तिथे उतरल्यावर कमी पगाराचा दुसरा कागद पुढे आला तर हीच प्रत उपयोगाची.

लंडनला 'केअर'च्या कामाला पाठवतो म्हणणाऱ्यांना उभं करू नका. परदेशातून नव्याने केअर वर्कर घेणं ब्रिटनने २२ जुलै २०२५ पासून बंद केलंय. नर्सिंग झालेल्या मुलींचा मार्ग वेगळा आणि खुला आहे. नर्स म्हणून जर्मनीला जायचं तर जर्मन भाषेची बी-वन आणि पुढे बी-टू पातळी लागते, अभ्यासाला वर्ष-दीड वर्ष धरा. तेवढा वेळ द्यायची तयारी असेल तर तो रस्ता मला मनापासून आवडतो, कारण तिथे पैशाने काही पुढे सरकत नाही.

पैसे आधीच दिले असतील तर लाजून गप्प बसू नका. व्हॉट्सअॅप चॅट डिलीट करू नका, पैसे पाठवल्याचे स्क्रीनशॉट, कॉल रेकॉर्डिंग, त्याने दिलेला ऑफर लेटर एकत्र करा. आपल्या पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि तिची पोच घ्या. दुसरी तक्रार ई-मायग्रेटवर आणि मुंबईच्या प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सच्या (परदेशी कामाला जाणाऱ्यांसाठीचा सरकारी अधिकारी) कार्यालयात. माणूस तिकडे अडकला असेल तर घरच्यांनी परराष्ट्र मंत्रालयाच्या मदद पोर्टलवर नोंद करायची, त्यात पासपोर्ट नंबर, कंपनीचं नाव आणि तो राहतो ती जागा टाका. पासपोर्टच्या झेरॉक्सची एक प्रत त्यासाठीच घरात असू द्या.