मोठा हात आला की गप्प बसायचं? त्या फॉरवर्डला उत्तर

आखाजी (अक्षय तृतीया) जवळ आली की आमच्या जळगाव-धुळ्याकडच्या ग्रुपांवर पत्त्यांचे मेसेज सुरू होतात, आणि यंदा तीन पत्तीच्या जोडीला पोकरचंही एक फॉरवर्ड जोरात फिरतंय. त्यात चार गोष्टी सांगितल्यात: मोठा हात (भारी पानं) आला की लपवा आणि चेक (काही न लावता पुढच्याकडे देणं) करत रहा, एक्क्यांची जोडी आली तर रेझ (लावलेली रक्कम वाढवणं) करू नका, बेट (पैज) टाकली की गिऱ्हाईक पळतं, आणि जॉनी चॅन या पोकरपटूने 1988 ची वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर ही मोठी स्पर्धा अशीच जिंकली. नवीन पोरं हे वाचून खेळताहेत आणि आलेले चांगले हात वाया घालवताहेत, बघून खरंच वाईट वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिला मुद्दा, "मोठा हात लपवा". ही सवय आपल्याला तीन पत्तीतून लागलीय आणि तीन पत्तीत ती बरोबरही आहे. तिथे तीन पानं वाटली की वाटली, ट्रेल (तिन्ही पानं सारखी) आली तर ती शेवटपर्यंत ट्रेलच राहते, समोरच्याच्या हातातही नवीन काही येत नाही, मग तुम्ही शांतपणे चाल देत बसलात तरी काही बिघडत नाही. होल्डममध्ये, म्हणजे पोकरच्या नेहमीच्या प्रकारात, प्रत्येकाच्या हातात दोनच पानं असतात, मधे उघडलेल्या पहिल्या तीन पानांना फ्लॉप म्हणतात, आणि फ्लॉपनंतर अजून दोन पानं (टर्न आणि रिव्हर) यायची असतात आणि ती सगळ्यांची असतात, म्हणजे तुम्ही चेक केलं आणि मागचेही चेक करत गेले की पुढचं पान सगळ्यांना फुकटात मिळालं.

मागच्या आखाजीला अमळनेरला मावसभावाकडे मांडे-आमरस झाल्यावर ओट्यावर चटई टाकून आमचा डाव बसला होता, चिंचोक्यांवर. (पैशांचे ऑनलाइन खेळ 2025 च्या कायद्याने बंद झालेत, आणि घरीसुद्धा पैसा लावू नका, खेळ तेवढाच रंगतो.) मावसभावाच्या हातात इस्पिक आणि किलवर नव्वी, फ्लॉपला आलं बदाम दश्शी, बदाम नव्वी, इस्पिक छक्की. तीन नव्व्या झाल्या! गड्याने चेक केलं, मागच्या चौघांनीही चेक केलं, आणि टर्नला पडला बदाम राजा. आता याने बेट टाकली तर एकाने रेझ केलं आणि दुसऱ्याने कॉल (तेवढंच लावणं), कारण एकाचा बदामाचा फ्लश (एका रंगाची पाच पानं) झाला होता आणि दुसऱ्याकडे राणी-गुलाम होते, त्याचा स्ट्रेट (ओळीने पाच पानं) झाला, आणि हे दोन्ही तीन नव्व्यांवर भारी. तीन नव्व्यांना फुल हाउस (तीन सारखी आणि एक जोडी) किंवा चार नव्व्या करायला 46 पैकी 10 पानं उरली होती, रिव्हरला आली चौकट दुर्री. संपलं. फ्लॉपलाच बेट टाकली असती तर ते दोघं बहुतेक डावात राहिलेच असते, हे मान्य, पण पान बघायची किंमत मोजून राहिले असते. पुढच्या एका पानात फ्लश लागायची शक्यता 47 पैकी 9, म्हणजे साधारण 19 टक्के, बाकी 81 टक्के वेळा बदामवाला चिंचोके देतो आणि फ्लश लागत नाही, आणि ही कमाई चेक करणारा दर वेळी सोडून देतो.

एक्क्यांच्या जोडीचं तर साधं आहे. ती सरासरी 221 डावांत एकदा येते. समोर एकच जण कुठलीही दोन पानं घेऊन असेल तर एक्के जवळपास 85 टक्के वेळा जिंकतात, पाच जणांना आत येऊ दिलं की तेच 49 टक्क्यांवर येतं. रेझ करा, गर्दी कमी करा.

"बेट टाकली की पळतात" हे लिहिणारा आपल्याकडच्या टेबलावर कधी बसला नसावा. आपली माणसं "बघू दे ना भो काय शे ते" म्हणत शेवटपर्यंत कॉल करतात, स्वतःहून मात्र टाकत नाहीत, आणि अशा माणसापुढे चेक करणं म्हणजे त्याला सोडून देणं. हिशोब मांडून बघा. पॉट (मधे जमलेली रास) 100 चा आहे, समोर एकच गडी आहे आणि तुम्ही प्रत्येक वेळी अर्धा पॉट टाकताय: फ्लॉपला 50, पॉट 200 झाला, टर्नला 100, पॉट 400, रिव्हरला 200. त्याच्याकडून एकूण 350 आले. फ्लॉप सोडून दिला तर टर्नला 50 आणि रिव्हरला 100, म्हणजे 150 च. हळू खेळून पॉट मोठा होतो म्हणतात, इथे तर निम्म्याहूनही कमी मिळाले.

मग हळू कधीच खेळू नये का? तसं नाही. फ्लॉपला राजा, सत्ती, दुर्री आली, तिन्ही वेगळ्या रंगाची, आणि तुमच्या हातात दोन राजे आहेत. आता समोरच्याकडे राजा असणार कसा, एकच उरलाय, आणि फ्लश-स्ट्रेटची भीतीही नाही. इथे एक वेळ चेक करा, त्याला टर्नला काहीतरी जोडी लागू द्या. पण त्याच फ्लॉपवर तुमच्याकडे दोन सत्त्या असतील तर राजा कोणाकडे तरी असायची शक्यता बरीच वाढते आणि राजावाला कॉल करतोच, तेव्हा टाका. हात दोन्हीकडे तीन-तीन पानांचाच, तरी खेळ उलटा, हे त्या फॉरवर्डमध्ये कुठेच नाही.

राहिला चॅन. स्पर्धेचा तो शेवटचा डाव खरा आहे आणि सुंदर आहे. पण समोर होता एकटा एरिक सायडेल. चॅनकडे किलवर गुलाम-नव्वी, फ्लॉपला इस्पिक राणी, बदाम दश्शी, चौकट अठ्ठी, म्हणजे अठ्ठी ते राणी स्ट्रेट झाला आणि त्या क्षणी याहून मोठा हात कोणाचा होऊच शकत नव्हता, रंग तिन्ही वेगळे, आणि सायडेलकडे राणीची जोडी, म्हणजे अडकायला पुरेसा हात. चॅन गप्प राहिला आणि सायडेलने रिव्हरला सगळं आत टाकलं. तुमच्या ओट्यावर पाच जण बसलेत, फ्लॉपला दोन बदाम आहेत आणि स्वतःहून टाकणारा एकही नाही, तिथे चॅनसारखं गप्प बसलात तर टाकणार कोण? तुम्हीच टाका, अर्धा पॉट, फ्लॉपलाच.