थांबलेल्या फोटोतही बरं होणं दिसतं

‘छायाचित्र हालचाल थांबवतं, त्यामुळे शरीर सावरत जाण्याची प्रक्रिया त्यात पकडता येत नाही’ हे बरं होणाऱ्या शरीरांच्या फोटोंवरच्या तुमच्या लेखातलं विधान अजिबात पटलं नाही. चालताना डोळ्यांतून जे निसटतं, तेच तर कॅमेऱ्यात सापडतं. छायाचित्रकार एडवर्ड मायब्रिजच्या १८८७ सालच्या, हालचाली टप्प्याटप्प्याने टिपणाऱ्या ७८१ चित्रमालांमध्ये नुसते घोडे आणि धावपटू नाहीत, चालण्यात दोष असलेले रुग्णही आहेत. माझ्या गुडघ्याच्या लिगामेंटच्या ऑपरेशननंतर फिजिओथेरपिस्ट दर भेटीत एकाच कोनातून फोटो काढायच्या. मला वाटायचं, आता मी सरळ उभी राहते. फोटोत मात्र त्या पायाची टाच जेमतेम टेकलेली, सगळा भार दुसऱ्या पायावर आणि गुडघ्यावरचा मांडीचा स्नायू पार वाळलेला! तो पुढे भरत गेला, हेही फोटो शेजारी ठेवले तेव्हाच कळलं. आरशात रोज बघून काही समजत नव्हतं.

लेखासोबतच्या फोटोंत एक गोष्ट मात्र खटकली. सगळी शरीरं एकटी आहेत. काठीविना पहिल्यांदा चालले तेव्हा माझ्या कमरेला मागून फिजिओथेरपिस्टचा हात होता. असे हात चौकटीत हवेतच.