गांजा, आकडी आणि मेडिकलचं दुकान: एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. तुमचं म्हणणं असं की, मागच्या लेखात गांजाच्या झाडापासून होणाऱ्या औषधांबद्दल लिहून मी कॉलेजच्या पोरांच्या हाती आयती सबब दिली. तुमचा भाचा इंजिनिअरिंगला असताना गांजा ओढायला लागला, हळूहळू भ्रमात बोलू लागला, आणि आजही त्याच्या गोळ्या चालू आहेत. शेवटी तुम्ही विचारलंय, हे खरंच औषध असतं तर मेडिकलमध्ये मिळालं नसतं का? याचं उत्तर दोन ओळींत उरकणं मला बरं वाटलं नाही.

आधी भाच्याबद्दल. गांजानं असं होऊ शकतं, यावर वाद घालायला मला जागाच नाही. स्वीडनमध्ये सैन्यभरतीला आलेल्या ४५ हजारांहून अधिक तरुणांचा पुढची पंधरा वर्षं मागोवा घेतला गेला, आणि तो अभ्यास १९८७ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. भरतीच्या वयापर्यंत पन्नासहून अधिक वेळा ज्यांनी गांजा-चरस ओढला होता, त्यांच्यात स्किझोफ्रेनिया या भास-भ्रमांच्या मानसिक आजाराचं प्रमाण न ओढणाऱ्यांच्या सहापट निघालं. घरची परिस्थिती, आधीचे मानसिक त्रास वगैरे हिशेबात धरल्यावर तो आकडा बराच उतरला, पण धोका पुसला गेला नाही. वय जितकं कोवळं, माल जितका कडक, ओढणं जितकं रोजचं, तितकी भीती जास्त. घराण्यात असा आजार असेल तर आणखीच.

ही भीती मुख्यतः टीएचसी या द्रव्याची आहे. नशा तेच चढवतं. त्याच झाडात सीबीडी नावाचं दुसरं द्रव्य असतं, त्याची नशा होत नाही. विल्यम ओ'शॉनेसी या डॉक्टरांनी १८३९ साली कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात गांजाचा अर्क धनुर्वातावर आणि एका तान्ह्या बाळाच्या आकडीवर वापरल्याचं लिहून ठेवलंय, आणि तिथून हे औषध युरोपात गेलं. पुढे ते मागे पडलं, कारण एका बाटलीतला अर्क कडक तर दुसरीतला फिका. डॉक्टरनं मात्रा ठरवायची कशी? इस्राएलमध्ये राफाएल मेशूलम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३-६४ मध्ये सीबीडी आणि टीएचसीची रचना उलगडली, तेव्हा कुठे मोजून द्यायची सोय झाली.

आता ज्या मुलांसाठी मी तो लेख लिहिला, त्यांच्याबद्दल. ड्रॅव्हे सिंड्रोम नावाचा अपस्माराचा एक प्रकार आहे. बाळ वर्षाचंही नसतं, ताप येतो, आणि पहिली आकडी येते. ती लांबते, थांबत नाही. बहुतेकांत एससीएन१ए या जनुकात दोष असतो, आणि फिटवरची कार्बामॅझेपिनसारखी नेहमीची गोळी इथे त्रास वाढवते. दोन-तीन औषधं एकत्र देऊनही झटके चालूच राहतात, मुलाचं शिकलेलं बोलणं-चालणं मागे पडत जातं, आणि आईबाप रात्री पाळीपाळीनं जागतात. अशा १२० मुलांवर आणि तरुणांवर सीबीडीची चाचणी झाली, ती २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. खरं औषध मिळालेल्या गटात महिन्याचे मोठे झटके सरासरी १२.४ वरून ५.९ वर आले (इथे सरासरी म्हणजे मध्यक). तुलनेसाठी नुसतं तसंच दिसणारं, औषध नसलेलं द्रव मिळालेल्या गटात ते १४.९ वरून १४.१, म्हणजे जवळपास होते तिथेच राहिले. पूर्ण थांबले ते फार थोड्यांचे, शंभरात पाचांचे. जुलाब, उलट्या, गुंगी, यकृताच्या तपासणीत बिघाड, हेही दिसलं. क्लोबॅझाम हे फिटवरचं दुसरं औषध चालू असेल तर त्याचा अंमल वाढून मूल झोपाळू होतं. म्हणून हे औषध सिरिंजनं, किलोमागे इतके मिलिग्रॅम असं मोजून आणि रक्त तपासत द्यावं लागतं. पण ज्या घरात महिन्याला बारा झटके होते तिथे सहा होणं म्हणजे काय, हे त्या आईला विचारा.

मेडिकलमध्ये मिळतं का? अमेरिकेत हे सीबीडी २०१८ पासून डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळतं. केमोच्या मळमळीवर कृत्रिम टीएचसीची गोळी तिथे १९८५ पासून आहे. मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजारात आखडलेल्या स्नायूंसाठी तोंडात मारायचा फवारा ब्रिटनमध्ये आहे.

आपला १९८५ चा एनडीपीएस, म्हणजे अंमली पदार्थांवरचा कायदासुद्धा वैद्यकीय आणि शास्त्रीय वापराला मुभा ठेवतो. मात्र कायद्यात मुभा असली म्हणून औषध पेशंटपर्यंत पोचतंच असं नाही. अफूपासून होणाऱ्या मॉर्फिन या वेदनाशामकाचं काय झालं ते आठवा. ते कधीच बंद नव्हतं. पण परवान्यांचं जंजाळ आणि शिक्षेची धास्ती इतकी, की दवाखान्यांनी ते ठेवणंच सोडलं. भारताची अफू औषधासाठी परदेशात जात राहिली, आणि आपल्याकडे कॅन्सरचे पेशंट कण्हत गेले. नियम सैल करायला त्याच कायद्यात २०१४ ची दुरुस्ती यावी लागली. व्यसनाची भीती खरी होती, पण तिची किंमत मोजली ज्यांचा व्यसनाशी संबंध नव्हता त्यांनी. या झाडाच्या बाबतीत तेच पुन्हा होऊ नये, एवढ्यासाठी मी लिहितो.

तुमचा राग मला जिथे पूर्ण पटतो ती जागा वेगळी आहे. 'विजया', म्हणजे भांगेचं आयुर्वेदातलं नाव, लावून इंटरनेटवर तेलं विकली जातात, आणि काही जाहिराती कॅन्सर बरा होतो असंही सांगतात. माणसांमध्ये असा कोणताही पुरावा नाही. भांग घातलेली आयुर्वेदिक औषधं आपल्या औषध नियमांतल्या विषारी द्रव्यांच्या ई-१ यादीत मोडतात, आणि ती वैद्याच्या देखरेखीखालीच घ्यायची असतात. फोनवर पाच मिनिटं बोलून चिठ्ठी मिळणं म्हणजे देखरेख नव्हे. जुनाट दुखण्याबाबत तर तज्ज्ञांचंच एकमत नाही: अमेरिकेच्या २०१७ च्या मोठ्या अहवालानं उपयोग होतो म्हटलं, आणि २०२१ मध्ये वेदना-अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं सरसकट शिफारस करायला नकार दिला. मला या संघटनेची सावधगिरी जास्त पटते.

आणि भाच्यासाठी एक विनंती. झोप लागत नाही, मन अस्वस्थ आहे म्हणून कुणी त्याला असं तेल सुचवलं, तर घेऊ देऊ नका. त्यात टीएचसी असू शकतं आणि ज्याला एकदा असा आजार होऊन गेलाय त्याच्यासाठी ते थोडंही धोक्याचं आहे. शुद्ध सीबीडीसुद्धा चालू गोळ्यांचं रक्तातलं प्रमाण बदलू शकतं. घरात आधीच बाटली आली असेल, तर पुढच्या भेटीला ती त्याच्या मानसोपचारतज्ज्ञांना नेऊन दाखवा.