अळी सरावली, असंच लिहा

सूक्ष्मजीवांच्या उत्क्रांतीवर पोट भरायचं ठरवलंय, आणि तेही खानदेशात राहून? अभिनंदन. आता आधी गावात काय सांगायचं ते ठरवा. पीएच.डी. झाली की पारावरचे एखादे जिभाऊ हात धरून विचारणारच, "तू कसाना डाक्टर शे?" इथे खरं बोलू नये. 'जंतूंचा' म्हणालात, तर ते सदरा वर करून पाठीवरचा नायटा दाखवतील. 'जंतूंच्या पिढ्या कशा बदलत जातात, त्याचा' म्हणालात, तर दयेनं बघतील आणि तुमच्या वडिलांना हळूच विचारतील, पोराला नोकरी लागली नाही का अजून. मी हल्ली नायट्याचं मलम खिशातच ठेवतो.

मग प्रयोगशाळा. तुमचा आदर्श अर्थातच रिचर्ड लेन्स्की. त्यांनी २४ फेब्रुवारी १९८८ रोजी अमेरिकेत ई. कोलाय जंतूंच्या १२ बाटल्या मांडल्या. रोज प्रत्येकीतला शंभरावा हिस्सा नव्या खाद्यात टाकायचा, की दिवसाला साडेसहाच्या वर पिढ्या होतात. आता हिशेब ७५ हजार पिढ्यांच्या पुढे गेला आहे. दर ५०० पिढ्यांनी थोडे जंतू गोठवून ठेवलेले असतात, त्यामुळे पणजोबा आणि पणतू एकाच दिवशी बाहेर काढून त्यांची शर्यत लावता येते. आपणही हे करावं. फक्त मे महिना टाळावा. इन्क्युबेटरला, म्हणजे जंतू वाढवायच्या ऊबपेटीला, ३७ अंशांवर ठेवायचं असतं आणि भुसावळकडे खोलीतच ४३ झालेले असतात. साध्या इन्क्युबेटरला तापवता येतं, गार करता येत नाही. तो बिचारा दिवा विझवून बसतो आणि आत जंतू आपल्यासारखेच घामाघूम. गोठवायचं म्हणाल, तर लेन्स्कींचा भूतकाळ उणे ८० अंशांवर सुरक्षित आहे. आपला भूतकाळ विभागाच्या फ्रिजमध्ये, निरोप समारंभाच्या उरलेल्या आइस्क्रीमशेजारी, भारनियमनाच्या वेळापत्रकाप्रमाणे वितळतो आणि परत गोठतो.

पण खरी कमाई लिहिण्यात आहे. मराठीत विज्ञान लिहायचं, तर एकच पथ्य पाळा: जंतूला नेहमी अक्कल द्या. जंतू 'शिकतात', 'ओळखतात', 'औषधावर मात करतात', 'ढाल उभारतात'. जमल्यास 'चकवा देतात'. उत्परिवर्तन (म्हणजे जनुकात आपोआप झालेला बदल) हा शब्द दिसला की वाचक पुढच्या पानावरच्या राशिभविष्याकडे जातो. तिथे निदान कुणीतरी काहीतरी ठरवत तरी असतं.

आणि साल्व्हाडोर ल्युरियाचं नाव चुकूनही काढू नका. हा जंतूंवर काम करणारा माणूस १९४३ साली अमेरिकेत इंडियानात होता आणि त्याला नेमका हाच प्रश्न पडला होता: जंतूंना मारणाऱ्या विषाणूला दाद न देणारे जंतू विषाणू भेटल्यावर तसे होतात, की आधीपासूनच तसे असतात? प्राध्यापकांच्या एका नाचगाण्याच्या कार्यक्रमात एक सहकारी नाणी टाकायच्या जुगाराच्या यंत्रावर हरत बसला होता. हरला, हरला आणि एकदम घबाड लागलं. (आपल्याकडे सारंगखेड्याच्या यात्रेत हे रोज संध्याकाळी दिसू शकतं, पण तिथे बघणारा घोडे बघायला आलेला असतो.) ल्युरियाला प्रयोग सुचला. बऱ्याच नळ्यांत जंतू वेगवेगळे वाढवायचे आणि मग प्रत्येक नळी विषाणू पसरलेल्या थाळीवर ओतायची. भेटीनंतर शिकत असतील, तर प्रत्येक थाळीवर जगलेले साधारण सारखेच निघायला हवेत. निघाले ते असे: बऱ्याच थाळ्यांवर एकही नाही, काहींवर तुरळक, आणि एखादीवर ढीग. म्हणजे बदल विषाणू दिसायच्या आधीच, आपोआप, कुणालाही न विचारता झालेला. ज्या नळीत तो लवकर झाला, तिथे लेकरंबाळं जास्त. गणित माक्स डेलब्रुकनं बसवलं, आणि दोघांना १९६९ साली नोबेल मिळालं.

एवढं सगळं तुम्ही लिहाल आणि संपादक विचारेल, "यात शत्रू कोण?"

त्यापेक्षा बीटी कापसावर लिहा. आपल्या भागात कुणीही वाचेल. बीटी म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस, मातीतला एक जंतू. त्याचं विष तयार करणारं जनुक कापसात घातलं, म्हणजे बोंड पोखरणारी अळी ते खाऊन मरेल, आणि २००२ साली भारतात परवानगी मिळाली. ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅमचं छोटं पाकीट यायचं, बिगर बीटीचं. ते कडेनं लावायचं, म्हणजे विष न पचणाऱ्या अळ्या तिथे जगतील, त्यांचे पतंग एखाद्या विष पचवणाऱ्या पतंगाशी जुळतील आणि पिल्लं पुन्हा विषाला बळी पडतील. थोडक्यात, अळ्या मुद्दाम पोसायच्या. हे शेतकऱ्याला सांगून बघा. आमच्या वडिलांनी ते पाकीट बांधावर भिरकावलं, आणि खरं सांगायचं तर मी तेव्हा एम.एस्सी.ला होतो आणि काही बोललो नाही. बियाणं तरी धड उगवणारं होतं का, हा वेगळाच विषय. वर फरदड (वेचणी झाल्यावरही तेच पीक राखून काढलेला जास्तीचा कापूस) घ्यायची, म्हणजे डिसेंबरनंतरही अळीची खानावळ चालू. २०१७ साली डोमकळ्या (न उमलता मिटून राहिलेली फुलं) दिसल्या, बोंडं फोडून बघितली तर आत गुलाबी अळी आणि किडका, कवडी कापूस. लेन्स्कींच्या १२ बाटल्या. आमच्याकडे जिल्हाच्या जिल्हा मांडलेला, तोही विनाअनुदान.

वडील म्हणाले, "अळी सरावली."

इथे तुम्ही काय कराल? मी चूक केली. ओट्यावर बसून अर्धा तास समजावलं की आप्पा, एकही अळी सरावत नाही. जी मरायची ती मरते. लाखात एखादी आधीपासूनच वेगळी असते, तिला रान मोकळं मिळतं, पुढच्या हंगामात तिचीच पिल्लं. सराव माणसाला होतो, बैलाला होतो. ल्युरियाच्या थाळ्या काढल्या, आईचे बिबडे (ज्वारीचे पापड) वाळत होते तेच थाळ्या म्हणून दाखवले. आप्पांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "म्हणजे सरावलीच ना." तेवढ्यात लाइट आली, आणि ते मोटार चालू करायला गेले.

मी हट्टानं लेख लिहिला. साडेसातशे शब्द, त्यात एकदाही 'सरावली' नाही. जपून, मोजून, क्रियापदं चाळून. रविवारी छापून आला. मथळा संपादकांनी दिला होता, चार स्तंभी: 'बोंडअळी सरावली! संशोधकाचा इशारा'.

आप्पांनी ते पान कापून दूध डेअरीत लावलंय. जिभाऊ आता मला नायटा दाखवत नाहीत. परवा भेटले तेव्हा म्हणाले, एवढी साधी गोष्ट, यासाठी शिकायला सहा वर्षं लागली होय?