पेन्सिल आजोबांच्या हातात होती

गुरुवारी रात्री मी एका प्रश्नाचं बरोबर उत्तर दिलं आणि त्यापायी आम्ही हरलो. आज रविवार. अजून डोक्यातून जात नाही. बायको म्हणते, "अरे सोड ना आता, पबमधली क्विझ होती, एमपीएससी नव्हती." पण एमपीएससीला निदान आपला पेपर आपण लिहायचा असतो.

आधीचं भराभर सांगून टाकतो. इंग्लंडमध्ये रेडिंगजवळच्या एका गावात आम्ही नऊ वर्षं राहतोय. कोपऱ्यावरच्या पबमध्ये दर गुरुवारी क्विझ असते. चौघांचा गट, गटाला एक कागद आणि एक बोटभर पेन्सिल. शेवटी शेजारच्या टेबलाशी कागदांची अदलाबदल करायची आणि एकमेकांचे तपासायचे. पहिलं बक्षीस म्हणजे खाटकाकडचा ट्रे. त्यात चॉप, सॉसेज, एक अख्खी कोंबडी. मी परभणी जिल्ह्यातल्या सेलूचा, घरात अंडंसुद्धा येत नाही. तरी मला तो ट्रे हवा होता. नऊ वर्षं या टेबलावर माझं काम म्हणजे बारवरून क्रिस्प्सची पाकिटं आणणं. मला प्रश्न विचारला जातो तो फक्त क्रिकेटचा, नाहीतर करीचा. एकदा कोर्म्याचा प्रश्न आला, मी म्हटलं मला माहीत नाही, तर तिघांनीही असं पाहिलं की मी जणू बोगस पासपोर्टवर राहतोय.

गटात शेजारचं जोडपं, मी, आणि शेजारणीचे वडील. पेन्सिल कायम वडिलांच्या हातात, कारण त्यांचं अक्षर चांगलं आहे आणि कारण ती कुणी मागितलेली त्यांना चालत नाही. जन्म १९४० चा, त्याच उन्हाळ्यातला. जर्मन विमानांशी झालेली ब्रिटनची हवाई लढाई डोक्यावर चालू असताना आपण जन्मलो, हे ते असं सांगतात की वाटावं पाळण्यातून उठून दोन जर्मन मेसरश्मिट पाडून आले असावेत. नोकरी आयुष्यभर गॅसचे मीटर वाचायची केली. हरिकेन आणि स्पिटफायर ही त्या लढाईतली दोन ब्रिटिश लढाऊ विमानं, आणि यांचा जीव हरिकेनवर, म्हणून मी मनात त्यांना हरिकेन आजोबा म्हणतो. प्रत्यक्षात काय म्हणावं हाच प्रश्न आहे. इथे पंच्याऐंशीच्या माणसालाही सगळे नुसत्या नावाने हाक मारतात. माझी जीभ वळत नाही. 'सर' म्हटलं तर त्यांना वाटतं मी टर उडवतोय. म्हणून मी त्यांना काहीच म्हणत नाही, फक्त त्यांच्या दिशेने थोडा झुकतो.

तर शेवटची फेरी. जोडणारा शब्द ओळखा. शेजारीण ताज्या हवेला बाहेर गेलेली, नवरा बारवर. माइकवरून प्रश्न आला. टीव्हीवरची युद्धकाळातल्या लढाऊ वैमानिकांची मालिका आणि एक पारंपरिक बालगीत, या दोहोंना जोडणारा शब्द कोणता?

मी खुर्चीत ताठ झालो. नऊ वर्षांत पहिल्यांदा प्रश्नाची दोन्ही टोकं माझ्या हातात होती. मालिका म्हणजे 'पीस ऑफ केक', १९८८ सालची, आयटीव्हीवरची, सहा भागांची. लॉकडाऊन संपता संपता एका चॅरिटी शॉपमधून मी तिचा डीव्हीडीचा डबा एका पाउंडाला घेतला होता आणि दोनदा पाहिला होता. नाव रॉयल एअर फोर्समधल्या पोरांच्या तोंडी असायचं तेच. समोर जर्मन विमानांचा थवा आला तरी म्हणायचं, पीस ऑफ केक. आपण डाव्या हातचा मळ म्हणतो तसं.

आणि बालगीत 'पॅट-अ-केक'. ते मला शिकवलं ते इथल्या लायब्ररीने. मुलगी सात महिन्यांची असल्यापासून दर मंगळवारी 'राइम टाइम'ला मी गालिच्यावर मांडी घालून बसायचो. सोळा आया, दोन आज्या आणि मी. बाळाचे हात हातात घेऊन टाळ्या वाजवायच्या. बेकरीवाल्या बाबा, केक थाप, टोच, त्यावर 'बी' अक्षर काढ आणि ढकल भट्टीत, बाळासाठी आणि माझ्यासाठी. हे मी किमान चारशे वेळा म्हटलंय. पुढे कुतूहल म्हणून शोधलं तर या ओळी टॉमस डर्फीच्या १६९८ सालच्या एका नाटकात सापडतात. म्हणजे जिंजीचा किल्ला मोगलांनी घेतला त्या साली इथे कुणीतरी केक टोचत होतं. माझी आई व्हिडिओ कॉलवर हे पाहून म्हणाली, "अरे, हे आपलं अडगुलं मडगुलंच की." बरोबरच आहे. आपण बाळाला तीट लावतो, हे केकवर अक्षर काढतात. फक्त आपण बाळाला भट्टीजवळ नेत नाही.

असो. मी पुढे झुकलो आणि कुजबुजलो, "केक."

आजोबांनी पेन्सिल उचलली. मग खाली ठेवली.

"कुठली मालिका?"

"पीस ऑफ केक."

"ती? तिच्यात स्पिटफायर आहेत."

"हो."

"१९३९ साल. फ्रान्स. आणि स्पिटफायर."

"हो, पण..."

"फ्रान्समध्ये स्पिटफायरचं एकही फायटर स्क्वाड्रन नव्हतं. एकही. लढाऊ विमानदलाचा प्रमुख डाउडिंग, त्याने सगळी घरी राखून ठेवली होती. तिकडे गेली ती हरिकेन. नंबर एक, त्र्याहत्तर, पंच्याऐंशी, सत्त्याऐंशी." हे आकडे त्यांनी आपण रांगेने आरत्या म्हणतो तसे म्हटले, शेवटच्यावर किंचित डोळे मिटून.

इथे मी घोडचूक केली. मला वाटलं, माहिती दिली की माणूस शांत होतो. मी म्हटलं, "मूळ डेरेक रॉबिन्सनच्या कादंबरीत हरिकेनच आहेत. पण मालिका काढली तेव्हा उडू शकणारी हरिकेन जवळजवळ उरलीच नव्हती, म्हणून स्पिटफायर घेतली."

आजोबा माझ्याकडे वळले. इंग्रजीत तू आणि तुम्ही असा भेद नाही, त्यामुळे भाषांतर मलाच करावं लागतं. इथवर मी त्यांचं बोलणं 'तुम्ही'त करत होतो. यापुढे करणार नाही.

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"काय?"

"की ते खोटं आहे. आणि तरी तू मला ते लिहायला सांगतोयस?"

"मी विमान लिहायला सांगत नाहीये. मी केक लिहायला सांगतोय."

"ब्रिटनच्या लढाईत हरिकेन संख्येने जास्त होती. शत्रूची जास्त विमानंही हरिकेननेच पाडली. आणि पोस्टाच्या तिकिटावर कोण? स्पिटफायर. चहाच्या मगवर कोण? स्पिटफायर. माझ्या नातवाच्या पायजम्यावर?"

"स्पिटफायर," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

"हरिकेनच्या पाठीमागच्या अर्ध्या अंगावर कापड होतं. कापड! गोळी आरपार जायची आणि विमान घरी यायचं. मग त्याला ठिगळ लावायचं, माझ्या आईने माझ्या चड्डीला लावलं तसं."

माइकवरून आवाज आला, एक मिनिट. मी घाईघाईने त्यांना मऊ करायला गेलो. "पण तो पुलाखालून विमान नेण्याचा प्रसंग मात्र..."

चेहरा एकदम निवळला. "विन्स्टन ब्रिज," ते हळू म्हणाले. "काउंटी डरॅम. रे हॅना. कमानीखालून खरोखरचं विमान नेलं त्याने." आमच्या दोघांत काही क्षण खरीखुरी शांतता होती. मी पेन्सिलीकडे हात नेला. त्यांनी ती खिशात घातली. "पण स्पिटफायर."

त्या मालिकेत रेक्स नावाचा एक स्क्वाड्रन लीडर आहे. त्याचा हट्ट असा की विमानांनी एकमेकांना खेटून, शिस्तीत, पुस्तकात छापल्याप्रमाणे उडायचं. प्रत्येकाचं लक्ष शेजारच्याच्या पंखावर, त्यामुळे मागून येणारा जर्मन कुणालाच दिसत नाही. त्यात एक अमेरिकन आहे, स्पेनमध्ये लढून आलेला. तो बिचारा सांगत राहतो की बाबांनो, जरा सुटे उडा आणि मान वळवून मागे बघा. सगळे त्याला म्हणतात, तू बाहेरचा आहेस, तुला इथली पद्धत कळायची नाही. मालिका आली तेव्हा खऱ्या जुन्या वैमानिकांनी तिच्यावर बरीच नाराजी दाखवली होती. आम्ही इतके उर्मट आणि वाह्यात नव्हतो, असं त्यांचं म्हणणं. मी तिथे नव्हतो, मला ठाऊक नाही. पण गुरुवारी रात्री मी त्या टेबलावर होतो, आणि त्या अमेरिकनाचं दुःख मला पूर्ण कळलं.

"तीस सेकंद."

"लिहा ना," मी म्हणालो. आवाज चढला असावा, कारण पबचं कुत्रं उठून दुसऱ्या टेबलाखाली गेलं.

आजोबांनी पेन्सिल काढली, चष्मा चढवला आणि त्या सुंदर अक्षरात लिहिलं, केक. मी श्वास सोडला. मग त्यांनी स्वल्पविराम दिला. मग लिहिलं, हरिकेन. मग त्याखाली दोन रेघा ओढल्या आणि कागद शेजारच्या टेबलाला देऊन टाकला.

एका गुणाने हरलो. एका जागी दोन उत्तरं म्हणजे शून्य, असा नियम आहे म्हणे. क्विझवाल्याकडे अपील केलं. तो म्हणाला, केक एवढंच असतं तर दिला असता. त्याच्या हातातल्या कागदावर उत्तर केकच छापलेलं होतं, ते त्याने मला दाखवलंसुद्धा. दाखवायची काही गरज होती का?

पण लागलं ते याने नाही. आमचा कागद तपासणाऱ्या टेबलावरच्या बाई माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "वाईट वाटून घेऊ नका. आमची बालगीतं तुम्हाला कशी माहीत असणार? तुमच्याकडे तसलं काही असतं का हो?"

तसलं काही! अहो, आमच्याकडे चांदोमामा लिंबोणीच्या झाडामागे लपतो. आमच्याकडे पावसाला पैसा देऊ करतात आणि तो खोटा निघतो, व्यवहाराचा पहिला धडा दुसऱ्या वर्षी मिळतो. आमच्या तळहातावर मोर येऊन बसतो. यातलं मी काहीही बोललो नाही. म्हणालो, "हो, थोडीफार आहेत." नऊ वर्षांत मला हे एक फार छान जमायला लागलंय. या देशात कायमचं राहायचं तर 'लाइफ इन द यूके' नावाची परीक्षा द्यावी लागते, चोवीस प्रश्न, पंचेचाळीस मिनिटं, फी पन्नास पाउंड. मी दिली, पास झालो. तिच्या पुस्तकात स्पिटफायर आणि हरिकेन एकाच वाक्यात, गुण्यागोविंदाने आहेत. ते पुस्तक या पबमध्ये माझ्याशिवाय एकाने तरी उघडलंय का? आणि पेन्सिल कोणाकडे?

रागाच्या भरात मी आजोबांना गाठलं. म्हटलं, हरिकेनचं एवढं आहे ना, मग ऐका. २५३ नंबरचं स्क्वाड्रन, त्याचं नाव काय होतं? हैदराबाद स्टेट. निजामाच्या देणगीची आठवण म्हणून. आणि आमचा परभणी जिल्हा तेव्हा निजामाच्याच राज्यात होता, १९४८ पर्यंत. निजामाचा पैसा म्हणजे कोणाचा? माझ्या पणजोबांच्या शेतसाऱ्याचा. त्यांनी विमान जन्मात पाहिलं नाही, बाभळीच्या सावलीत बसून कापसाकडे बघत गेले. पण तुमच्या त्या कापडी शेपटात दोन-चार दोरे आमच्या सेलूचे आहेत!

मला वाटलं, आता ओशाळतील. आजोबांनी दोन्ही हातांनी माझा हात धरला. डोळ्यांत पाणी. "२५३," ते म्हणाले. "केन्ली!" म्हणजे त्या स्क्वाड्रनचा तळ. मग सगळ्या पबला ऐकू जाईल अशा आवाजात, "या माणसाच्या घराण्याने हरिकेन दिली होती!" चार लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि मग माझ्या कानाशी येऊन, "म्हणजे मी बरोबरच लिहिलं. तुझ्या पणजोबांसाठीच लिहिलं म्हण ना."

यावर काय उत्तर आहे? तीन दिवस शोधतोय. पणजोबांच्या पैशाचं विमान टीव्हीवाल्यांनी वगळलं, ते आजोबांनी कागदावर परत आणलं, आणि मी स्वल्पविरामावरून भांडतोय. मला त्या माणसाचा राग नीट करतासुद्धा येत नाही.

निघताना जिंकलेल्या टेबलावरचा एक जण धावत आला. म्हणाला, तुम्ही फार छान हरलात, आणि ट्रेमधलं एक पुडकं माझ्या हातात कोंबलं. नको म्हणायचं होतं. तोंडातून 'व्हेरी काइंड ऑफ यू' निघालं. तेव्हापासून ते आमच्या फ्रीजरमध्ये मटारांच्या मागे आहे. बायकोने काल शोधून काढलं. वर खाटकाने जाड मार्करने नुसतं एक अक्षर लिहिलंय, 'बी'. आता ते बीफ की बेकन, कुणाला विचारणार? आम्ही दोघं ते ओट्यावर ठेवून बघत उभे होतो, तेवढ्यात लेक स्टुलावर चढली, अक्षर ओळखलं आणि टाळ्या वाजवायला लागली. तिचं म्हणणं, हे तिच्यासाठी आणि माझ्यासाठी आहे, आणि आता भट्टीत घालायचं.