चिकटपट्टी "दयाळू" आहे म्हणे! त्या फॉरवर्डला एका होमस्टेवालीचं उत्तर

आमच्या होमस्टेवाल्यांच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर दिवाळीचं बुकिंग सुरू झालं की एक मेसेज ठरल्यासारखा फिरायला लागतो. यंदा मला तो चार ठिकाणांहून आला, त्यातलं एक ठिकाण माहेरचा ग्रुप, जिथे कोणाचंच हॉटेल नाहीये. मेसेजचा सारांश असा, की हॉटेल-खानावळवाल्यांनो उंदरांना विष घालू नका, पिंजरेही नकोत, चिकटपट्टी लावा, म्हणजे ते ग्लू पॅड. विष नाही, रक्त नाही, आवाज नाही, उंदीर चिकटतो आणि शांतपणे जातो, म्हणून हाच सगळ्यात दयाळू आणि स्वच्छ उपाय. वर फूड लायसन्सवाल्यांना पण हेच लागतं, परदेशातली मोठी हॉटेलं हेच वापरतात, पिंजऱ्यातला उंदीर सोडला की परत येतो, आणि शेवटी हात जोडलेल्या इमोजीसकट, याहून जास्त भूतदया धंद्याला परवडत नाही.

मी गुहागरच्या बाजूला चार खोल्या आणि एक छोटी खानावळ चालवते. दोन वर्षं या पट्ट्या मीच विकत आणल्यात आणि मीच लावल्यात, त्यामुळे कोणी शहरात बसून कोकणातल्या लोकांना भूतदया शिकवतंय असं समजू नका.

तर पहिलं, "शांतपणे जातो".

हे ज्याने लिहिलं त्याने रात्री पट्टी लावली असेल आणि सकाळी उचलायला दुसऱ्या कोणाला तरी पाठवलं असेल, एवढं मी खात्रीने सांगते. एकदा सकाळी साडेपाचला मी चहाचं आधण ठेवायला गेले तर सिलिंडरच्या मागून बारीक चिकचिक ऐकू आली. पट्टीवर एक जीव आडवा पडलेला, एक गाल आणि पुढचे दोन्ही पाय गोंदात रुतलेले, मागचा एकच पाय मोकळा आणि तो सारखा चालत होता, सायकल मारल्यासारखा. पट्टीभर मूत, लेंड्या, उपटलेले केस. आमच्या स्वयंपाकाच्या मावशी मागून आल्या, वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "वैनी, ह्यो उंदीर नाय. चिचुंद्री हाय ही."

आता चिचुंद्री उंदराच्या जातीतलीच नाही, ती किडे आणि झुरळं खाणारी. म्हणजे रात्रपाळीला फुकट येणारा गडी मी पैसे खर्चून गोंदात अडकवला होता. मावशींनी शेंगदाणा तेलाची बाटली घेतली, कडेकडेने थेंब थेंब सोडत, फडक्याने हलकं दाबून धरत सोडवली तिला, वीसेक मिनिटं गेली असतील (खायचं कुठलंही तेल चालतं, गोंद सैल होतो, नुसतं ओढून काढायचं नाही, कातडी सोलते). परसात सोडल्यावर ती माडाच्या बुंध्याकडे सरपटत गेली, पुढे जगली की नाही देव जाणे. या सगळ्यात पाहुण्यांची सहा-सात वर्षांची मुलगी किचनच्या दारात कधी येऊन उभी राहिली ते आम्हाला कळलंच नाही. तिने एवढंच विचारलं, "हिला कोणी चिकटवलं?" मी चहा टाकला.

गोंदाने कोणी मरत नाही हो. चिकटलेला प्राणी तहानेने, दमून, नाहीतर नाकातोंडात गोंद जाऊन गुदमरून मरतो, आणि याला काही तास लागतात, कधी दिवस-दीड दिवस. सुटायच्या धडपडीत कातडी फाटते, काही उंदीर स्वतःचा पाय कुरतडतात. आणि "आवाज नाही" म्हणाल तर उंदीर घाबरला की जो आवाज काढतो त्यातला बराचसा साधारण २२ किलोहर्ट्झचा असतो, माणसाचा कान २० च्या पुढे ऐकतच नाही. ओरडत असतो तो, तुम्हाला ऐकू येत नाही इतकंच.

त्यात वार्षिक कॉन्ट्रॅक्ट असेल तर अजून वाईट. पेस्ट कंट्रोलवाला महिन्यातून एकदा येतो, पट्ट्या बदलतो, रजिस्टरवर सही घेतो. पट्टी लावल्यावर दुसऱ्याच दिवशी काही चिकटलं तर पुढची व्हिजिट कधी आहे ते तुम्हीच मोजा. मधल्या दिवसांत फ्रीजखाली वाकून कोण बघतो? आम्हीही नव्हतो बघत.

आता "स्वच्छ". रक्त दिसत नाही म्हणजे स्वच्छ, हे कुठलं गणित? घाबरलेला उंदीर मुततो, आणि कोकणात राहणाऱ्याला लेप्टो (लेप्टोस्पायरोसिसचा ताप) काय ते समजावून सांगायला नको, उंदराच्या मुतातूनच येतो तो, पावसाळ्यात ओल्या फरशीवर, हाताला चीर असली तर अजून सोपं. जिवंत, धडपडणारा, सगळीकडे घाण उडवणारा उंदीर ओट्याखाली रात्रभर ठेवून सकाळी पोऱ्याने उघड्या हाताने उचलायचा. अमेरिकेची सीडीसी, जी रोगराईचं बघते, तीसुद्धा चिकटपट्ट्या वापरू नका म्हणते आणि कारण हेच देते, अडकलेला उंदीर मुततो आणि माणसाला लागण व्हायची शक्यता वाढते. दया-बिया बाजूला ठेवली तरी हा साधा आरोग्याचा मुद्दा आहे.

शिवाय पिसवा. उंदीर मेला, अंग गार पडलं की पिसवा उतरतात आणि दुसरं ऊबदार अंग शोधतात. १८९६ ला मुंबईत प्लेग आला, मग इकडे पसरला, त्या काळात "उंदीर पडायला लागले" म्हटलं की लोक गाव सोडून माळावर झोपड्या घालून राहायला जायचे, त्यामागे हेच होतं. प्लेग येतोय असं मी म्हणत नाहीये, घाबरू नका, पण मेलेला उंदीर पट्टीवर तसाच पडून राहणं याला स्वच्छ म्हणू नका एवढंच.

"फूड लायसन्सला हेच लागतं" हा मुद्दा तर सरळ चूक आहे. एफएसएसएआयच्या, म्हणजे फूड लायसन्सचं बघणाऱ्या सरकारी संस्थेच्या, २०११ च्या लायसन्सिंग नियमांचं शेड्यूल ४ काढून वाचा, त्यात कीड-उंदरांचा बंदोबस्त हवा, आत यायचे रस्ते बंद हवेत, जे काही औषध वापराल त्याने अन्न दूषित होता कामा नये, त्याची नोंद ठेवा, असं आहे. चिकटपट्टीच लावा असं कुठेही नाही. उलट कायद्याचंच काढायचं तर १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आहे, त्याचं कलम ११ प्राण्याला विनाकारण यातना देणं गुन्हा ठरवतं, आणि भारतीय प्राणी कल्याण मंडळाने राज्यांना या पट्ट्या थांबवायला लिहिलंय, बऱ्याच राज्यांनी तशी परिपत्रकं काढलीत. ती दुकानापर्यंत पोचत नाहीत हा भाग वेगळा.

परदेशाचं ऐका आता. न्यूझीलंडमध्ये २०१५ पासून परवानगीशिवाय विकताही येत नाहीत आणि वापरताही येत नाहीत. वेल्समध्ये ऑक्टोबर २०२३ पासून बंदी. इंग्लंडने २०२२ ला कायदा केला, ३१ जुलै २०२४ पासून लागू झाला, लायसन्स असलेल्या पेस्ट कंट्रोलवाल्याशिवाय कोणी लावली तर गुन्हा. तेव्हा लंडनच्या हॉटेलवाल्याचं उदाहरण देणाऱ्याने जरा जपून द्यावं.

पिंजऱ्याबद्दल मात्र फॉरवर्ड अर्धं खरं बोलतो आणि हे मान्य करायला मला काही वाटत नाही. उंदीर जवळपास सोडला तर परत येतो, लांब नेऊन सोडला तर अनोळखी जागेत बहुतेक मरतो नाहीतर दुसऱ्याच्या घरात शिरतो. आमच्याकडे पूर्वी पिंजरा सरळ बादलीत बुडवायचे, सासरे तेच करायचे, मी पण केलंय, आणि ते पट्टीपेक्षा फार चांगलं नाही. अमेरिकेतल्या पशुवैद्यांच्या संघटनेच्या नियमांत बुडवून मारणं बसतच नाही. आता मी काय करते ते सांगते म्हणजे ढोंग नको, घरात शिरलेला एखाददुसरा असेल तर चांगल्या स्प्रिंगचा चाप, जो मानेवर बसतो आणि क्षणात संपवतो, तोही झाकणाच्या खोक्यात भिंतीला लागून, म्हणजे मांजर, पाल, पोरं कोणाचा पाय जायला नको, आणि सकाळ-संध्याकाळ बघायचाच. मारते मी उंदीर, उंदराला ओवाळायला बसलेली नाहीये. पण मारायचा तर पटकन मारायचा, दीड दिवस नाही.

(मांजर पाळा म्हणणाऱ्यांसाठी: मांजर किचनमध्ये लायसन्सला चालत नाही आणि घुशीपुढे आमची मांजर मी स्वतः मागे सरताना बघितलीये.)

विषाबद्दल फॉरवर्डशी माझं पूर्ण एकमत. ब्रोमाडायोलोनसारखी औषधं रक्त गोठू देत नाहीत, उंदीर खाऊन निघून जातो आणि चार-पाच दिवसांनी कुठेतरी आतल्या आत रक्तस्राव होऊन मरतो, ते कुठेतरी म्हणजे नेमकं एसी रूमच्या फॉल्स सीलिंगवर, नेमकं हनिमूनवाल्यांच्या डोक्यावर, आणि वास किती दिवस पुरतो ते ज्याने भोगलंय त्याला विचारा. शिवाय तो अर्धमेला उंदीर गव्हाणी घुबडाने उचलला तर घुबडही जातं, आणि त्या घुबडाची जोडी परिसरात असली तर रात्रीत जेवढे उंदीर उचलते तेवढे माझे सगळे चाप महिन्यात उचलत नाहीत. धामणीला तसाच धोका पट्टीचा. बिनविषारी, उंदीर खाऊन पोट भरणारी, आणि शेजारच्यांच्या स्टोअररूममध्ये पट्टीला चिकटलेल्या उंदराच्या मागे आली आणि स्वतःच चिकटली. सर्पमित्राला बोलवावं लागलं, त्याचा अर्धा दिवस आणि अर्धा लिटर तेल गेलं.

आणि ते उंदीर पळवायला प्लगला लावायचं कीं-कीं मशीन, त्याची पण लिंक फॉरवर्डखाली असते. अमेरिकेत २००१ ला तिथल्या ग्राहकांचं बघणाऱ्या सरकारी खात्याने अशी मशीन बनवणाऱ्या-विकणाऱ्या साठाहून जास्त कंपन्यांना पत्रं धाडली होती, की तुमच्या दाव्यांना शास्त्रीय पुरावा हवा. माझ्याकडे एक आहे, त्याच्या वायरवर दातांच्या खुणा आहेत.

आता राहिला तो खरा मुद्दा, "परवडत नाही", आणि यावरच मला सगळ्यात जास्त बोलायचंय, कारण बाकीचं पटलं तरी लोक इथे येऊन थांबतात.

दोन वर्षं मी पट्ट्या आणत होते आणि उंदीर कमी होत नव्हते. होणार कसे? उंदरीण साधारण तीन आठवड्यांत विते, एका वेळी सहा-आठ पिल्लं, ती दोन-तीन महिन्यांत स्वतः वीण घालायला तयार. मी आठवड्याला दोन धरायचे आणि मागची भिंत आठवड्याला चार पाठवायची. पट्टी फक्त आलेला धरते, ज्या वाटेने आला ती वाट तशीच उघडी. आणि पट्टीवर काही सापडलं की आपल्याला वाटतं काम चालू आहे, हीच तिची खरी फसवणूक.

मग एका रिकाम्या मंगळवारी मी आणि मावशी एक पेन्सिल घेऊन घरभर फिरलो. घरउंदराला सहा मिलिमीटरची फट पुरते, म्हणजे जिथे पेन्सिल जाते तिथे तो जातो, मोठ्याला अंगठाभर भोक लागतं. गॅसची नळी भिंतीतून येते तिथे पेन्सिल गेली. मोरीच्या जाळीची एक सळी तुटलेली, तिथे माझा अंगठा गेला. मागच्या दाराखाली तर पेन्सिल आडवी फिरवली तरी जागा उरत होती. जांभ्याच्या भिंतीत चिऱ्यांच्या सांध्यातला चुना पडलेला, तिथे मावशींनी बोट घातलं आणि "आत काय तरी ऊन लागतंय" म्हणून झटकन काढलं. आणि वर, जे मी कधी बघितलंच नव्हतं, माडाची एक झावळी थेट कौलांवर टेकलेली, म्हणजे काळ्या उंदराला माडावरून माळ्यावर यायला डायरेक्ट पूल. माडाखाली कुरतडलेली शहाळी पडलेली असायची आणि मी खारीला शिव्या घालत होते!

भोकं तारेची घासणी ठासून वर सिमेंटने बुजवली (नुसतं सिमेंट ओलं असतानाच पोखरतात, फोम तर खातातच), मोरीला नवी जाळी, दाराखाली पत्र्याची पट्टी, झावळ्या छपरापासून तीन-चार हात लांब राहतील अशा तोडल्या. त्या ऊन लागलेल्या सांध्याला मात्र लगेच हात लावला नाही, आत पिल्लं असणार, ती आत कोंडून मेली तर वासाचा तोच खेळ. बाहेर पडायच्या तोंडाशी रोज रांगोळी भुरभुरली, आठ-दहा दिवसांनी दोन रात्री सलग एकही पाऊल उमटलं नाही तेव्हा बुजवलं. तांदळाच्या गोणी जमिनीवरून उचलून फळीवर, भिंतीपासून वीतभर सुटं. खरकट्याची बादली झाकणाची, आणि रात्री ती घरात ठेवायचीच नाही. खोल्यांमध्ये एक घट्ट झाकणाचा डबा ठेवला, कारण पाहुणे चकली-बिस्किटांची पाकिटं उशाशी उघडी टाकून बीचवर जातात आणि मग आम्हालाच रिव्ह्यूमध्ये लिहितात.

गवंड्याची मजुरी आणि सामान धरून जे पैसे गेले ते माझ्या सहा महिन्यांच्या पट्ट्यांच्या खर्चाच्या आसपास. त्यानंतर आख्ख्या पावसाळ्यात चापात तीन उंदीर. अगदी शून्य झालेत असं म्हणत नाही, कोकण आहे, कौलारू घर आहे, माड आहेत, येणारच. झुरळांबद्दल मी इतकी हळवी नाही, त्यांना जेल लावते, त्यावर कोणी वाद घालू नका.

ग्रुपवर एका दादांनी विचारलंय की हे सगळं ठीक आहे पण घरात पट्ट्यांचं पाकीट पडलंय त्याचं काय करू. उघडी पट्टी तशीच उकिरड्यावर टाकू नका, तिथे पाली, चिमण्या, सरडे जाऊन चिकटतात. दोन पट्ट्या गोंदाची बाजू एकमेकींवर दाबून चिकटवा, जुन्या पेपरात गुंडाळा, मग कचऱ्यात. आणि आत्ता लावलेल्या कुठे असतील तर आधी सिलिंडरमागे आणि फ्रीजखाली वाकून बघा, तेलाची बाटली हातात घेऊनच.